नियमाची किंमत आणि घरखर्चाचा हिशेब



सृष्टीच्या रक्षणासाठीं सरकारनें एखादा नवा नियम करण्याचें योजिलें कीं आपल्या कोंकणांत दोन प्रकारचीं मतें ताबडतोब ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, "आतां महागाई वाढणार, धंदे बसणार, गरिबानें जगावें कसें?" दुसरा पक्ष म्हणतो, "डोंगर, पाणी आणि समुद्र हींच राहिलीं नाहींत, तर पैसा घेऊन काय करावयाचा ?" दोन्ही पक्ष तावातावानें बोलतात, परंतु हिशेब मात्र बहुधा कोणीच मांडीत नाहीं. पहिल्या पक्षापाशीं खर्चाचा आंकडा नसतो, दुसऱ्यापाशीं फायद्याचा नसतो. गांवच्या शाळेंत वर्षानुवर्षें अंकगणित शिकविलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट विशेष खटकते. नियमामुळें राहणीचा खर्च किती वाढेल, तो कोणाच्या अंगावर पडेल आणि नियम न केल्यास काय पडेल, हें साध्या त्रैराशिकाच्या ज्ञानानेंहि बऱ्याच अंशीं काढतां येतें. तें कसें काढावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठीं एक प्रत्यक्ष मसुदा घेऊं. ३१ जुलै २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानें पश्चिम घाटांतील संवेदनशील क्षेत्राविषयींचा एक मसुदा प्रसिद्ध केला. सन २०१४ पासून निघालेला हा सहावा मसुदा होय. याचें मूळ दोन समित्यांच्या कामांत आहे. प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सन २०११ मध्यें आणि डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सन २०१३ मध्यें आपापले अहवाल दिले. सन २०२४ च्या मसुद्यांत सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटरांहून थोडें अधिक क्षेत्र येतें. त्यांपैकीं महाराष्ट्राचें १७,३४० चौरस किलोमीटर आहे. या क्षेत्रांत खाणकाम, दगड काढणें व वाळू उपसणें यांवर पूर्ण बंदी असावी. चालू असलेल्या खाणी अंतिम आज्ञा निघाल्यापासून पांच वर्षांत किंवा त्यांच्या पट्ट्याची मुदत संपतांच, यांपैकीं जें आधीं घडेल त्या वेळीं बंद व्हाव्यात. औष्णिक विजेचे नवे कारखाने आणि अति प्रदूषणकारी म्हणून ज्यांना तांबड्या वर्गांत घातलें आहे असे नवे उद्योग येऊं नयेत. आणि २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाच्या नव्या इमारती होऊं नयेत, असा त्या मसुद्याचा सारांश आहे.

त्यांत काय नाहीं, हेंहि पाहिलें पाहिजे. राहत्या घराची दुरुस्ती, वाढ किंवा नूतनीकरण यांना त्यांत मनाई नाहीं. मालमत्तेच्या विक्रीला मनाई नाहीं. शेतकऱ्यानें भात लावूं नये कीं बागाईतदारानें कलम लावूं नये, असेंहि त्या बंदीच्या यादींत कोठें म्हटलेलें नाहीं. हिशेबाची पहिली पायरी हीच कीं, नियम मूळ शब्दांत वाचावा. न वाचलेल्या नियमाची किंमत नेहमीं दुप्पट वाटते, आणि क्वचित् ती शून्यहि वाटते. दोन्ही समजुती सारख्याच घातक आहेत.

आतां कोणी विचारील कीं, समुद्रकांठच्या आंजर्ल्यासारख्या गांवच्या माणसाला घाटांतील नियमाचें काय होय ? परंतु आमच्याकडील घरांच्या भिंती पाहा, विहिरींचीं तोंडें पाहा, बागांचे गडगे पाहा. सर्वत्र जांभा दगडच आढळेल. तो सड्यांवरच्या खाणींतून चिरा होऊन येतो. ओला असतां तो हत्यारानें सहज कापला जातो आणि वाऱ्याउन्हांत राहिल्यावर घट्ट होतो. निसर्गानें दिलेली ही वीटच म्हणावयाची. मसुदा जसाच्या तसा अमलांत आला, तर यादींतील गांवांच्या खाणी मुदतीनें बंद होतील, आणि यादीबाहेरच्या खाणींतील चिऱ्याला मागणी वाढून त्याचाहि भाव चढेल. म्हणजे ज्या गांवाचें नांव यादींत नाहीं, त्या गांवच्या घरबांधणीवरहि परिणाम होईल. भाव हा सीमारेषा ओळखत नाहीं.

मग घर किती महाग होईल ? येथें मी कांहीं आंकडे केवळ उदाहरणादाखल गृहीत धरतों. ते कोठल्याहि गांवचे मोजलेले आंकडे नव्हेत. श्रोत्यांनीं त्यांच्या जागीं आपल्या गांवचे भाव घालावेत. समजा, एका मध्यम घराला एकंदर १० लाख रुपये लागतात आणि त्यांपैकीं १ लाख रुपये चिऱ्याचे आहेत. चिऱ्याचा भाव शेंकडा ३० नें वाढला, तर घराचा खर्च ३० हजारांनीं वाढेल. चिरा शेंकडा ३० नें महागला. घर मात्र शेंकडा ३ नेंच महागलें. हा फरक अगदीं साधा आहे; तरी सभेंत बोलणारा बहुधा पहिलाच आंकडा सांगतो. पुन्हां, घर साठ वर्षें टिकेल असें धरलें तर हा वाढीव खर्च वर्षास ५०० रुपये पडतो. पैसे कर्जाऊ काढावे लागले, तर व्याज त्यांत मिळवावें.

परंतु एवढ्यावर "मग काय बिघडलें ?" असें म्हणून उठूं नये. आतां गरिबाचें घर घेऊं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागासाठीं सन २०१६ मध्यें सुरू झाली, तेव्हां सपाट प्रदेशांतील घरकुलास १ लाख २० हजार रुपयांचें साहाय्य ठरविण्यांत आलें. रक्कम ठरलेली, चिऱ्याचा भाव वाढला म्हणून ती आपोआप वाढत नाहीं. अशा घरकुलाला ३० हजारांचा चिरा लागतो असें धरूं. त्यावर शेंकडा ३० म्हणजे ९ हजार रुपये जास्त. साहाय्याच्या रकमेशीं याचें प्रमाण शेंकडा साडेसात पडतें. मजुरीचा दर दिवसास ५०० रुपये धरल्यास ही त्या कुटुंबांतील कर्त्या माणसाची अठरा दिवसांची मजुरी झाली. पहिल्या घराच्या मालकाला ३० हजार जड गेले असते. या दुसऱ्या माणसाला ९ हजारांसाठीं घराची एक भिंत अर्धी ठेवावी लागेल. म्हणून सरासरीवर कधींहि विसंबूं नये. एकाच नियमाचें ओझें निरनिराळ्या खांद्यांवर निरनिराळें बसतें, आणि तें निरनिराळें तोललें तरच हिशेब खरा.

याच पोटांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. भाव वाढला म्हणजे माणूस स्वस्थ बसत नाहीं. कोणी आंतील भिंतींना सिमेंटचे ठोकळे वापरतो. कोणी पडक्या घराचे जुने चिरे काढून पुन्हां लावतो. कोणी दुसऱ्या तालुक्यांतून माल आणवतो. यामुळें प्रत्यक्ष वाढ कागदावरील वाढीपेक्षां बहुधा कमी निघते. म्हणून असा ३० हजारांचा आंकडा हा कमाल मर्यादा समजावा. उलट, पर्यायी माल दूरून येत असेल तर गाडीभाडें विसरूं नये. जड वस्तूच्या किमतींत भाड्याचा वांटा फार मोठा असतो.

खर्चाच्या बाजूला याशिवाय खाणीवरील मजूर, गाडीवाले आणि यंत्र कर्जानें घेतलेला खाणवाला हे आहेत. मजुराची मजुरी कायमची बुडते असें धरणें चूक, आणि ती मुळींच बुडत नाहीं असें धरणेंहि चूक. त्याला दुसरें काम मिळेपर्यंतचे दिवस आणि नव्या कामांत मजुरी कमी मिळाल्यास तेवढी तूट, इतकेंच त्याचें नुकसान होय. या दृष्टीनें मसुद्यांतील पांच वर्षांची मुदत महत्त्वाची आहे. आज सांगून उद्यां बंद केलेली खाण आणि आज सांगून पांच वर्षांनीं बंद केलेली खाण यांत कर्जदाराच्या दृष्टीनें जमीनअस्मानाचें अंतर आहे. मात्र ज्याच्या पट्ट्याची मुदत सहा महिन्यांत संपते, त्याला या पांच वर्षांचा लाभ नाहीं, हेंहि मघांच्या "जें आधीं घडेल" या शब्दांतून निघतें. सरकारी स्वामित्वधन बुडेल असेंहि म्हटलें जातें. तें खरें आहे. परंतु स्वामित्वधन हें एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलेलें धन आहे. खाणवाल्याचें सगळें उत्पन्न एकदां नुकसानींत धरून, त्याच उत्पन्नांतून दिलेलें स्वामित्वधन पुन्हां निराळें धरणें म्हणजे एकच रुपया दोनदां मोजणें होय.

ही झाली वहीची डावी बाजू. आतां उजवी बाजू लिहूं. येथें मोठी अडचण अशी कीं, डाव्या बाजूच्या रकमांना पावत्या असतात, उजव्या बाजूच्या रकमांना नसतात.

सडा म्हणजे उजाड कातळ, तो फोडला तर कोणाचें काय गेलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु जांभा सच्छिद्र आहे. पावसाळ्यांत त्याच्या भेगांतून व छिद्रांतून पाणी खालीं झिरपतें आणि उतारावर झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. सड्याच्या पायथ्याच्या वाडीची विहीर पुष्कळदां याच पाण्यावर जगते. कोंकणांत पाऊस तीन हजार मिलीमीटरांच्या पुढें पडतो, आणि तरीहि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. कारण पडलेलें पाणी धरून ठेवणारी जागा फार थोडी आहे. जांभ्याचा थर हीच ती जागा. तो काढून नेला, तर चिऱ्याबरोबर पाण्याची कोठीहि गाडींत भरून गेली असें समजावें. प्रत्येक खाणीनें प्रत्येक विहीर आटते असें मात्र म्हणतां येत नाहीं. झरा कोणत्या बाजूला उतरतो, थर किती जाड आहे, खाण किती खोल गेली आहे, यांवर तें अवलंबून असतें. तें मोजूनच ठरविलें पाहिजे.

मोजल्यावर हिशेब कसा होईल तेंहि पाहूं. पुन्हां गृहीत आंकडे. चाळीस घरांची वाडी आहे. खाणीमुळें तिची विहीर वर्षांतून साठ दिवस आटूं लागली. त्या दिवसांत प्रत्येक घरांतील एका बाईला पाण्यासाठीं रोज दोन तास अधिक चालावें लागतें. चाळीस गुणिले साठ गुणिले दोन, म्हणजे ४,८०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर ६०० दिवसांची मजुरी. मघांच्याच ५०० रुपयांच्या दरानें हे वर्षाला ३ लाख रुपये झाले. "बायका पाणी आणतातच, त्याची मजुरी कसली धरतां?" असें म्हणणाऱ्यानें आपणच एक मे महिना तो हंडा वाहून पाहावा. ज्या कष्टाला पैसे मिळत नाहींत तो कष्ट फुकट असतो, ही समजूत हिशेबांतील सर्वांत जुनी चूक आहे.

दुसऱ्या बाजूला, त्या एका खाणीच्या चिऱ्यानें वर्षाला वीस घरें बांधलीं जातात असें धरूं. खाण बंद झाल्यास प्रत्येक घरामागें ३० हजार, म्हणजे वर्षाला ६ लाख रुपये लोकांना अधिक पडतील. सहा लाख विरुद्ध तीन लाख ! वरवर पाहणारा म्हणेल, निकाल लागला. खाण चालूं द्यावी. परंतु अजून काळाचा प्रश्न राहिला आहे. खाणींतला चिरा दहा वर्षांत संपेल. तेव्हां स्वस्त चिऱ्याचा लाभ दहा वर्षांचा, म्हणजे ६० लाखांचा. आटलेला झरा मात्र खाण संपली म्हणून परत येत नाहीं. तो चाळीस वर्षें आला नाहीं असें धरलें तर वाडीचें नुकसान १ कोटी २० लाखांचें. हिशेब पालटला ! पुढच्या काळांतील रुपया आजच्या रुपयाएवढा धरूं नये, असें अर्थशास्त्रज्ञ म्हणतात आणि दूरच्या वर्षांच्या रकमा थोड्या कमी करून घेतात. तसें केलें तर हें अंतर कमी होईल, कदाचित् पारडें पुन्हां फिरेलहि. म्हणूनच असा आंकडा कोणी सांगितला, तर किती वर्षांचा हिशेब केला आणि पुढील वर्षांची किंमत कोणत्या दरानें घटविली, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पुष्कळदां सारा वाद त्या दोन उत्तरांतच दडलेला असतो.

आणि समजा, पारडें खाणीच्या बाजूला झुकलें, तरी एक गोष्ट उरतेच. स्वस्त चिऱ्याचा लाभ वीस गांवच्या घरमालकांना झाला आणि त्याचें मोल एका वाडीच्या बायकांनीं भरलें. अशा वेळीं चिरा स्वस्त आहे असें म्हणतां येत नाहीं; त्याच्या किमतीचा एक भाग दुसऱ्याच्या दारीं वसूल होतो एवढेंच. नियमाच्या अभावाचीहि किंमत असते, आणि ती कोणीतरी रोज भरीत असतें; ती कोठें लिहिली जात नाहीं, इतकेंच.

याचें ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत आहे. खेड तालुक्यांत लोटे-परशुराम येथें रासायनिक कारखाने आले आणि दाभोळच्या खाडींतील मासेमारी कमी झाल्याची तक्रार तेथील मच्छीमार वर्षानुवर्षें करीत आले. प्रा. गाडगीळ यांनीं तेथील दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडले आहेत : कारखान्यांत काम मिळालेले सुमारें ११ हजार लोक, आणि प्रदूषणामुळें ज्यांची उपजीविका बुडाली असे सुमारें २० हजार मच्छीमार. या दोन्ही आंकड्यांची आपण सारखीच उलटतपासणी करावी. काम मिळालें तें कायमचें कीं कंत्राटी ? उपजीविका बुडाली ती पूर्ण कीं अंशतः ? परंतु उलटतपासणीसाठीं सुद्धां दोन्ही आंकडे कागदावर यावे लागतात. कारखाना येतांना पहिला आंकडा मोठ्या अक्षरांत छापला जातो. दुसरा कोणी मोजीतच नाहीं.

आतां समुद्राकडे वळूं, कारण तेथें एका नियमाचा अनुभव आपल्या गांठीं आहे. पावसाळ्यांतील मासेमारीची बंदी हा तो नियम. सन २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. या काळांत पुष्कळ जातींचे मासे अंडीं घालतात, आणि दर्याहि खवळलेला असतो. या नियमाचा राहणीच्या खर्चावरील परिणाम तर प्रत्येक घरांत कळतो. ताज्या मासळीचे भाव चढतात, हर्णैचा लिलाव थंडावतो, आणि सुकट, सुके बोंबील व सोडे यांवर भागवावें लागतें. खलाशाची दोन महिन्यांची कमाई जाते. हा खर्च खरा आहे आणि तो नाकारण्यांत अर्थ नाहीं.

तथापि या नियमापासून शिकण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी कीं, बंदी एकाच राज्यानें पाळली असती आणि शेजारच्यानें पाळली नसती, तर पाळणाऱ्याचें नुकसान व न पाळणाऱ्याचा फायदा झाला असता. सर्व किनाऱ्यासाठीं एकच तारीख ठरली म्हणून खर्च व लाभ एकाच मंडळीच्या वांट्यास येऊं लागले. ज्यानें जूनमध्यें जाळें आवरलें, त्याच्याच जाळ्यांत पुढें मासळी यावी, ही योजना. दुसरी गोष्ट, तोटा सोसणाऱ्याला आधार देण्याची तरतूद. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सन २०२० मध्यें सुरू झाली. तिच्यांत अशी सोय आहे कीं, नोंदलेल्या मच्छीमारानें हंगामांत १,५०० रुपये सांठवावेत, सरकारनें त्यांत ३,००० रुपये घालावेत, आणि ते ४,५०० रुपये त्याला बंदीच्या व मंदीच्या तीन महिन्यांत मिळावेत. मघांचाच ५०० रुपयांचा रोज धरला तर ४,५०० रुपये म्हणजे नऊ दिवसांची मजुरी, आणि बंदी आहे ६१ दिवसांची. त्यांतहि तिसरा हिस्सा त्याचा स्वतःचाच. तत्त्व बरोबर आहे. रक्कम तोकडी आहे. हें सांगण्यासाठीं बंदीविरुद्ध असावें लागत नाहीं.

तत्त्वाबरोबर रक्कमहि पुरेशी ठेवली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण विलायतेंत मिळतें. डिसेंबर १९५२ मध्यें लंडन शहरावर कोळशाच्या धुराचें दाट धुकें पांच दिवस बसलें आणि त्यांत निदान चार हजार माणसें दगावलीं. सन १९५६ मध्यें पार्लमेंटनें स्वच्छ हवेचा कायदा केला. त्यानें ठरविलेल्या भागांत धुराचा कोळसा जाळण्यास मनाई झाली. याचा अर्थ घरोघरच्या शेगड्या बदलणें. म्हणजे खर्च थेट स्वयंपाकघरांत आला. तेव्हां कायद्यानेंच अशी व्यवस्था केली कीं, शेगडी बदलण्याच्या योग्य खर्चाचे दहांतील सात भाग स्थानिक संस्थेनें घरमालकाला परत द्यावेत, आणि त्यांतील चार भाग तिला मध्यवर्ती सरकारकडून मिळावेत. घरमालकाला उरले तीन भाग. स्वच्छ हवा सगळ्यांना मिळणार होती, म्हणून खर्चहि सगळ्यांत वांटला गेला. आपल्या मसुद्याच्या बाबतींत हाच न्याय लावला, तर संवेदनशील क्षेत्रांतील घरकुलांना वाढीव ९ हजारांचें साहाय्य देणें ही नियमाविरुद्धची मागणी ठरत नाहीं. ती नियमाचीच पुरवणी ठरते. सह्याद्रीचें पाणी घाटाखालीं व घाटावर कोट्यवधि लोक पितात. तें राखण्याचा खर्च मात्र एकट्या डोंगरकुशींतल्या घरकुलवाल्यानें कां सोसावा?

आणखी एका प्रकारच्या लाभाविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. तो म्हणजे क्वचित् येणाऱ्या संकटापासून होणारा बचाव. जुलै २०२१ मधील अतिवृष्टींत महाड तालुक्यांतील तळिये आणि खेड तालुक्यांतील पोसरे येथें दरडी कोसळून माणसें गाडलीं गेलीं. प्रत्येक दरड खाणीमुळेंच कोसळते असें म्हणणें हा अन्याय होईल. अतिवृष्टि, उतार, मातीची जाडी अशीं अनेक कारणें असतात. परंतु उतार पोंखरल्यानें धोका वाढतो, हें कोणीहि अनुभवी माणूस सांगेल. असा धोका हिशेबांत धरण्याची रीत अशी कीं, संकट आल्यास होणारें नुकसान आणि तें येण्याचा संभव यांचा गुणाकार करावा. शंभर वर्षांत एकदां होणारें एक कोटीचें नुकसान म्हणजे वर्षाला एक लाख. मात्र ही रीत घरें, गुरें व शेतें यांपुरतीच. माणसांच्या जिवाचा आंकडा त्याच रकान्यांत मिळवूं नये. तो निराळा लिहावा, आणि वाचणाऱ्यानें तो आधीं वाचावा.

आतां आपल्याला प्रत्यक्ष काय करतां येईल ? पर्यावरण संरक्षण कायद्याखालील सन १९८६ च्या नियमांप्रमाणें असा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांच्या आंत कोणाहि माणसाला आपली हरकत किंवा सूचना लेखी कळवितां येते. साठ दिवस म्हणजे दोन महिने. मसुदा जुलैअखेर निघाला तर श्रावण-भाद्रपद, म्हणजे शेतीचीं कामें व गणपति यांतच ते निघून जातात. त्यांत मसुद्याची भाषा न कळण्याची अडचण. सन २०२० मध्यें पर्यावरणविषयक दुसऱ्या एका मसुद्याच्या वेळीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें, तो घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील २२ भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिला होता. तेव्हां मराठी प्रत मागण्यांत आपण कांहीं जगावेगळें मागत नाहीं.

हरकत लिहितांना केवळ "आमचा विरोध आहे" किंवा "आमचा पाठिंबा आहे" एवढें लिहून भागत नाहीं. ग्रामसभेनें एका कागदावर आंकडे लिहावेत : गांवांत वर्षाला किती घरें बांधलीं जातात, त्यांना किती चिरा लागतो, तो कोठून येतो, खाणीवर गांवचीं किती माणसें आहेत, तसेंच कोणत्या वाडीची विहीर कोणत्या महिन्यांत तळ गांठते. विहिरीची मोजणी तर शाळेंतील मुलेंहि करूं शकतात. दोरीला हाताहातावर गांठी बांधाव्यात, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ती विहिरींत सोडावी आणि पाणी कितव्या गांठीवर लागलें तें वहींत लिहावें. पांच वर्षांची अशी वही असली, तर खाणीनें पाणी गेलें कीं नाहीं या वादाला सरकारी अहवालाची वाट पाहावी लागत नाहीं.

या माहितीचा उपयोग कसा होईल, तेंहि सांगतों. कस्तुरीरंगन समितीनें ज्या गांवाच्या क्षेत्राचा शेंकडा २० किंवा अधिक भाग संवेदनशील ठरला, तें सबंध गांव यादींत घातलें. म्हणजे एखाद्या गांवाचे चार पंचमांश क्षेत्र तसें नसतांहि तेथील खाणीवर बंदी येऊं शकते. आणि उलट, शेंकडा १५ भाग असलेल्या शेजारच्या गांवांत झऱ्याच्या डोक्यावरची खाण चालूं राहूं शकते. गाडगीळ समितीनें क्षेत्राच्या तीन पायऱ्या सुचविल्या होत्या आणि निर्णयांत ग्रामसभांना स्थान द्यावें असें म्हटलें होतें. ज्या गांवाजवळ आपल्या झऱ्यांची व खाणींची नोंद असेल, तें गांव म्हणूं शकेल कीं, "या सड्यावर बंदी पाहिजेच, त्या पलीकडच्या कातळाखालीं पाणी नाहीं, तेथें ठराविक खोलीपर्यंत चिरा काढूं द्यावा." अशा सूचनेनें पाणीहि राहील आणि घरकुलहि पुरें होईल. अशी सूचना दिल्लींत बसून कोणाला करतां येणार नाहीं. ती गांवांतूनच गेली पाहिजे.

सारांश, नवा नियम येऊं घातला म्हणजे पांच प्रश्न विचारावेत. नियमाचे शब्द नेमके काय आहेत ? खर्च कोणावर पडतो, आणि तो त्याच्या मिळकतीच्या मानानें किती ? नियम न केल्यास कोणता खर्च कोणाला सोसावा लागेल ? हिशेब किती वर्षांचा आहे ? आणि ज्याला झळ लागते त्याला आधार कोण देणार ? या पांचांचीं उत्तरें मिळाल्यावर कोणी नियमाच्या बाजूनें मत देवो अथवा विरुद्ध देवो, तें मत वजनदार असेल. किराणा दुकानांतील उधारीची वही जशी दर महिन्याला पुरी करावी लागते, तशीच ही सृष्टीच्या उधारीची वहीहि आहे. ती लिहिली नाहीं म्हणून देणें चुकत नाहीं. ज्या गांवांत उद्यांपासून विहिरीची दोरी पाण्यांत पडेल आणि वहींत पहिला आंकडा लिहिला जाईल, त्या गांवानें पुढच्या साठ दिवसांची तयारी आजच केली असें मी म्हणेन.